महिन्याला चार चिठ्ठ्या

मंगळवार, १६ डिसेंबर १९९७. सकाळी सहा वाजून दहा मिनिटांनी डॉ. वशींच्या दवाखान्याच्या ओट्यावर तेरा वस्तू होत्या. सात चपला, सातही एकेकट्या. दोन विटा, त्यातल्या एकीवर खडूने नाव लिहिलेलं. प्लास्टिकचा एक कॅन, दांडी मोडलेली एक छत्री, खिडकीच्या जाळीला बांधलेली रेक्झिनची एक पिशवी. आणि दुसऱ्या नंबरावर वनस्पती तुपाचा एक रिकामा डबा, झाकणावर दगड ठेवलेला. चौदावी वस्तू मी ठेवली: आईचा शाळेतला डस्टर.

सुरतेच्या उधन्यातल्या या दवाखान्यात रांगेत माणसं उभी राहत नाहीत, वस्तू उभ्या राहतात. पहाटे येऊन आपली वस्तू ठेवायची आणि घरी जायचं. नऊला कंपाउंडर मगनभाई शटर वर करतात, ओट्याच्या एका टोकापासून निघून ज्या क्रमाने वस्तू असतील त्या क्रमाने नंबर देतात. वस्तूंवर लक्ष ठेवायला कोणी नसतं आणि कोणी दुसऱ्याच्या वस्तूला हात लावत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण मोडलेला मी पाहिला नव्हता.

तुपाचा डबा सुंदराबाईचा होता. तिचं घर दवाखान्याच्या मागच्या गल्लीत. पाणी भरायला पहाटे उठली की आधी डबा ठेवून मग ती नळावर जायची, त्यामुळे तिचा नंबर पहिला, दुसरा, फार तर तिसरा. तिचा नवरा लोटू कापडाच्या लूमवर कामाला, आणि ती घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची. धुळ्याकडची माणसं. तिला आणि माझ्या आईला एकच आजार होता, सांध्यांचा, दोन्ही हातांचा. आईला सुरू होऊन चौदा महिने झाले होते. सुंदराबाईला पाच.

मी बी.एस्सी. केमिस्ट्री. एका डाईंग मिलच्या लॅबमध्ये दुपारी दोनच्या शिफ्टला जाते. बाबा बारडोलीच्या बसने सातला बाहेर पडतात. आईची नगरपालिकेची मराठी शाळा दुपारची. तेव्हा आईला डॉक्टरांकडे नेणं माझ्याकडे आलं, आणि नेत असताना मोजणं माझ्याकडे आपोआप आलं. वहीत मी तारीख, नंबर, आत जायची वेळ, आतली मिनिटं आणि आकडा लिहीत असे.

आकडा म्हणजे पाऱ्याचा. रक्तदाबाचा पट्टा गुंडाळून डॉ. वशी पेशंटच्या मुठीत देत, वीसपर्यंत हवा भरत आणि म्हणत, "दाबा." पारा जिथपर्यंत चढेल तो मुठीचा आकडा. मुंबईचे सांध्यांचे डॉक्टर महिन्याच्या शेवटच्या रविवारी सुरतेत येत, आणि चिठ्ठीशिवाय कोणाला तपासत नसत. वशी डॉक्टरांच्या वाट्याला महिन्याला चार चिठ्ठ्या होत्या. त्या त्यांनी स्वतःच ठरवलेल्या एका हिशोबाने दिल्या जात: दोन्ही हातांचा आकडा ऐंशीच्या खाली असेल त्यालाच. मगनभाईंनी मला हे समजावून सांगितलं होतं. "मोटा डॉक्टर चिठ्ठीत आकडाच बघतात, बेन. चांगला हात पाठवला, तर पुढच्या टायमाला आमची चिठ्ठी बाजूला."

आईच्या उजव्या हाताचे गेल्या तीन खेपांचे आकडे माझ्या वहीत असे होते: १४६, १५०, १४८. आणि प्रत्येक वेळी डॉक्टरांचं एकच वाक्य, "घणो फेर छे, बेन. पंधरा दिवसांनी दाखवा."

फरक कुठे होता? मी कॉलेजच्या लायब्ररीत जाऊन वैद्यकाचं जाड पुस्तक वाचून आले होते. पहिल्या दोन वर्षांत इलाज झाला नाही तर बोटं बाहेरच्या बाजूला झुकतात आणि मग कशानेही सरळ होत नाहीत, असं त्यात फोटोसह दिलं होतं. आईच्या उजव्या हाताची करंगळी झुकायला लागली होती. माझ्याकडे दहा महिने होते, आणि त्यातला प्रत्येक महिना वशी डॉक्टर पंधरा-पंधरा दिवसांनी कापून घेत होते.

सुंदराबाई नोव्हेंबरात पहिल्यांदा आली. पहिल्या खेपेला ती आत नऊ मिनिटं होती. दुसऱ्या खेपेला अकरा. आईला चार मिनिटं मिळत, एकदा तर तीनच. मी घड्याळ लावून बसायचे आणि पडद्यामागून तिचा आवाज ऐकायचे, कण्हणं, अहिराणीत लांबलचक सांगणं, मध्येच डॉक्टरांचं हसणं. डॉक्टर आईशी कधी हसले नव्हते. बाहेर आली की ती आईच्या शेजारी बाकावर बसायची आणि दोघी कुजबुजत. आई तिच्याशी हसायची. घरी आई फारशी बोलत नसे, आणि मी विचारलं की "बरं आहे गं" एवढंच.

म्हणजे तिने तीन गोष्टी घेतल्या होत्या: आमच्या आधीचा नंबर, आमची मिनिटं आणि आईचं बोलणं. मी वहीत पहिल्या दोन लिहिल्या. तिसरीसाठी रकाना नव्हता.

तर त्या मंगळवारी मी डस्टर ठेवला आणि निघाले नाही. ओट्यावर कोणी नव्हतं. रस्त्यापलीकडे चहावाला स्टोव्हला पंप मारत होता, त्याची पाठ माझ्याकडे होती. मी तुपाचा डबा उचलला, सात वस्तू पलीकडे नेला आणि नवव्या जागी ठेवला. दगड पुन्हा झाकणावर नीट बसवला. आमचा चौदावा नंबर त्याने तेरावा होणार नव्हता. हे मला डबा उचलतानाही माहीत होतं.

घरी येऊन आईची तयारी केली. ब्लाऊजचे हुक लावले, वेणी घातली, इस्त्रीच्या साडीला पिना लावल्या. आई डॉक्टरांकडे जाताना नेहमी अशीच जायची. "तपासणीला साहेब यायचे असले की आपण वर्ग झाडून घेतो ना," ती म्हणायची. त्याआधी, आठला, मी तिला दुखण्यावरची गोळी दिली होती. नऊ ते अकरा त्या लाकडी बाकावर बसायचं, गोळीशिवाय जमलंच नसतं. ही वेळ मीच बसवली होती. गोळीचा असर दोन-तीन तासांनी पुरा चढतो, म्हणजे बसण्याचा काळ बरोबर त्यात येतो. मला या हिशोबाचा थोडा अभिमानही होता.

नऊला मगनभाईंनी नंबर वाटले. सुंदराबाईने आपला डबा नवव्या जागी बघितला, एकदा बघितला, आणि नवव्या नंबराचा पुठ्ठा घेऊन उघड्या ओट्यावर भिंतीला टेकून बसली. आत बाकावर जागा उरली नव्हती. डिसेंबरातला गार वारा होता. तिने हात पदरात गुंडाळले.

दहा वाजून बावीस मिनिटांनी ती आत गेली. दहा पस्तीसला बाहेर आली, तेव्हा तिच्या हातात चिठ्ठी होती.

"भेटनी वं मास्तरीन," ती आईला म्हणाली, "बासठ आनि सत्तर."

आईने तिचे दोन्ही हात धरले. "बरं झालं. फार बरं झालं, सुंदराबाई." आईला खरंच बरं वाटलं होतं. मी तिच्या चेहऱ्याकडे बघत होते, त्यात दुसरं काही दिसतं का ते शोधत होते. नव्हतं. जे काही होतं ते सगळं माझ्याकडे होतं.

मग मी मगनभाईंना विचारलं, या महिन्याच्या किती चिठ्ठ्या गेल्या?

"तीन. एक राहिली. यादी शनिवारी बंद."

अकरा दहाला आई आत गेली. आकडा एकशे बावन्न. पंधरा दिवसांनी दाखवा. चार मिनिटं.

रिक्षा आणायला मी कोपऱ्यावर गेले, तेव्हा सुंदराबाई गल्लीच्या तोंडाशी उभी होती. मी सरळ विचारलं.

"सुंदराबाई, वशी डॉक्टरांकडे तुमची कोणाची ओळख आहे का?"

"ओळख?" ती हसली. "मन्ही? त्यासना घरनं पानीबी पेयेल नही मी."

"मग तिसऱ्या खेपेला चिठ्ठी? आम्ही सप्टेंबरपासून येतोय."

"मंग येतस तं येतस. कशा येतस ते देख ना." साडीला पिन लावावी तशी तिने दोन बोटं जुळवून दाखवायचा प्रयत्न केला, ती जुळली नाहीत. "सकायले उठनू का मन्ही मूठ वळत नही. मी तशीच येस, तशीच दखाडस. तुम्ही मायलेकी डाक्टरले साडी दखाडाले येतस."

मी रिक्षा येते का ते बघायला लागले.

"आनि तू मन्हा डबा सरकावा," ती त्याच आवाजात म्हणाली, "ते पानी भरता भरता मी देखं."

"मग बोलला का नाहीत?"

"काब्र बोलू? बरंच जयं. थंडा ओटावर घंटाभर जास्ती बसनू, हात आणखी आखडी गया. मागला टाइमले पंच्याऐंशी व्हतं." तिने हंडा कडेवर घेतला, हाताने नाही, मनगटाने. "तुन्ही माय माले सांगस, सकायले चहाना कप बी उचलास नही. तुले सांगत नही का?"

नव्हती सांगत.

रिक्षात मी वही उघडून बसले. डबा दुसऱ्या जागेवरून नवव्या जागेवर गेला आणि चिठ्ठी तरीही मिळाली. म्हणजे नंबराचा संबंध नव्हता. ओळखीचा नव्हता. मिनिटं जास्त लागत होती, कारण वाकडी मूठ तपासायला वेळ लागतो. मी चुकीचे रकाने आखले होते. जो रकाना आखायला हवा होता, त्यातली प्रत्येक नोंद माझ्या हाताने घडलेली होती: गोळी, सकाळी आठ. सप्टेंबरपासून मी आईचा हात तीन तासांसाठी बरा करत होते आणि बरोबर त्याच तीन तासांत डॉक्टरांना दाखवत होते. डॉक्टरांनी विचारलं नव्हतं आणि आम्ही सांगितलं नव्हतं.

तरी खात्री हवी होती. त्या रात्री लॅबमधून शंभर मिलिलिटरचा मोजनळा घरी आणला.

बुधवारी सकाळी सहाला आईपुढे स्टीलचा वाडगा ठेवला. बाबांचा सुती रुमाल एक मिनिट पाण्यात बुडवला, तिच्या हातात दिला. "पिळ."

"कशाला?"

"किती पाणी निघतं ते बघायचंय."

"तुमच्या मिलमध्ये असले उद्योग चालतात होय?" असं म्हणत तिने पिळायला घेतला आणि मध्येच थांबली. तिचे ओठ आत गेले. रुमाल वाडग्यावर नुसता धरलेला होता, पाणी स्वतःच्या वजनाने गळत होतं. मी तो काढून घेतला, पुन्हा बुडवला, पुन्हा दिला. तीनदा केलं. सरासरी सात मिलिलिटर. चौथ्यांदा मी स्वतः पिळला: एक्केचाळीस.

आठला गोळी दिली. अकराला पुन्हा तीनदा. सव्वीस.

गुरुवारी गोळी दिली नाही. सहाला आठ, अकराला तेरा. त्या दिवशी शाळेत तिने फळ्यावरची सगळी गणितं मुलांकडून लिहून घेतली, हे मला रात्री कळलं, तेही बाबांशी बोलताना ऐकून.

रात्री जेवणं झाल्यावर मी तिला वही दाखवली. उद्या शुक्रवार, म्हणाले, उद्या गोळी नाही. आंघोळीचं गरम पाणी नाही. उठलीस की तशीच चल.

"पारोशी?" आई म्हणाली. "चार माणसांत?"

"सुंदराबाई जाते."

हे नाव घ्यायचं नव्हतं, तोंडातून गेलं. आईने माझ्याकडे बघितलं. शाळेत बघते तसं बघितलं, उत्तर बरोबर आहे पण रीत चुकली आहे असं.

"तिचा राग का करतेस तू?"

"राग नाही."

"मग?"

मी मोजनळा पुसत बसले. वही माझ्याकडे सरकवून आई म्हणाली, "गोळी घेणार नाही. पण साडी इस्त्रीचीच नेसेन."

शुक्रवारी पहाटे पावणेपाचला मी ओट्यावर पोचले. सहा वस्तू होत्या, तुपाचा डबा त्यात नव्हता. डस्टर सातवा ठेवला आणि कशालाही हात न लावता परत आले.

आईचे हुक मी लावत होते, तेव्हा तिने डावा हात उजव्या काखेत दाबून धरला होता. आरशात मला ते दिसलं. इतके दिवस आठच्या गोळीनंतर हुक लावले होते, म्हणून हे कधी दिसलंच नव्हतं. रिक्षात प्रत्येक खड्ड्याला ती डोळे मिटत होती. दवाखान्यात बाकावर जागा होती, पण ती म्हणाली, "बाहेरच बसू," आणि ओट्यावर, भिंतीला टेकून, मंगळवारी सुंदराबाई बसली होती त्याच जागी बसली. मी तिच्या शेजारी बसले. "दुखतंय का?" असं विचारलं.

"बरं आहे गं," आई म्हणाली.

साडेनऊला सुंदराबाई आली. तिला दवाखान्यात काही काम नव्हतं, चिठ्ठी तर मिळालेली. "मास्तरीन, आज बी लाईनमा?" तिने आईचा चेहरा बघितला. आईच्या दुसऱ्या बाजूला बसली, आईचे दोन्ही हात उचलून स्वतःच्या मांडीवर घेतले आणि पदराने झाकले. आई म्हणाली, "जीव नकोसा होतोय हो आज." सुंदराबाई म्हणाली, "मंग रड थोडं. कोन देखस?" आणि आई खरंच रडली. दोन मिनिटं. माझ्या मनगटावर घड्याळ होतं म्हणून मला माहीत आहे.

मी उठले आणि मगनभाईंना विचारून आले. चौथी चिठ्ठी अजून होती. पाचव्या नंबराची एक म्हातारी होती, तिचेही हात सुजलेले दिसत होते. ती आत गेली तेव्हा मी पडद्याकडे बघत राहिले आणि तिचा आकडा ऐंशीच्या वर यावा असं मनात म्हटलं. मनातच म्हटलं, पण शब्दांत म्हटलं. ती आठ मिनिटांनी बाहेर आली. हातात औषधाची पुडी होती, चिठ्ठी नव्हती. सहाव्या नंबराला खोकला होता.

"सात," मगनभाईंनी हाक दिली.

मी वही काढली, रुमालाचे आकडे लिहिलेलं पान वेगळं केलं आणि आईला उठवायला हात पुढे केला. मगनभाई दारात आडवे उभे होते. "पेशंटबरोबर एकच माणूस, बेन."

"मी आहे," मी म्हणाले.

आईने माझ्या हातातून पान घेतलं, दोन मनगटांमध्ये धरून. "सुंदराबाई, तुम्ही चला माझ्याबरोबर."

"मी? तुन्ही पोर हाई ना."

"तुम्ही चला." मग आई माझ्याकडे वळली. "तू समोर असलीस की मी ताठ बसते, शर्वरी. हात लपवते. सवयच लागली आहे. डॉक्टरांसमोरही तसंच होतं."

हे तिने अगदी साध्या आवाजात सांगितलं, फळ्यावर तारीख लिहावी तसं. मी बाजूला झाले. सुंदराबाई माझ्याकडे न बघता तिच्या मागून आत गेली.

पडदा पूर्ण ओढलेला नव्हता. फटीतून मला टेबलाची कड, डॉक्टरांची बाही आणि पाऱ्याची उभी नळी दिसत होती. आई दिसत नव्हती. डॉक्टरांनी पान वाचलं, उलटं करून मागची बाजू बघितली, पुन्हा वाचलं. "गोळी रोज आठ वाजता?" त्यांनी विचारलं. आई हो म्हणाली. "तुम्ही मला कधी बोलल्या नाहीत." यावर आई काय म्हणाली ते ऐकू आलं नाही. सुंदराबाईचं ऐकू आलं: "आते बोलनी ना साहेब. आते देखा."

पट्ट्याची फडफड झाली. फुग्यात दोनदा हवा गेली आणि पारा वीसवर येऊन उभा राहिला.

"दाबा, बेन. जेटलुं थाय एटलुं."

आई कण्हली. हा आवाज मी घरात कधी ऐकला नव्हता. सुंदराबाई म्हणाली, "रोकू नको माय, रोकू नको."

पारा चढला, थरथरला आणि थांबला. डॉक्टरांनी पट्टा सोडून दुसऱ्या हातात दिला. पुन्हा वीस. पुन्हा तेच. मग त्यांनी मगनभाईंना लिहायला सांगितलं, आणि मी दाराबाहेर उभी राहून माझ्या वहीत लिहिलं.

उजवा अठ्ठावन्न. डावा चव्वेचाळीस.